ठमीची गाठ

पत्र : डॉक्टर, नमस्कार. आम्ही वाईचे. आमची कुत्री ठमी, गावठीच. सासूबाईंनी तेरा वर्षांपूर्वी घाटावरून पदरात गुंडाळून आणली. नसबंदी केलेली नाही, एकदा चार पिल्लं झाली. पिल्लं झाली की पुढे त्रास होत नाही असं ऐकलं होतं. दिवाळीत अंघोळ घालताना मागच्या पायाजवळच्या सडापाशी हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. आता पाडव्याला ते लिंबाएवढं झालंय. शेजारच्या सडालाही बारीक दाणा आहे. एका डॉक्टरांनी काढून टाका म्हणून सांगितलं. दुसरे म्हणाले, या वयात भूल सोसायची नाही, राहू द्या. मुलगा हिंजवडीला असतो, तो म्हणतो, पैशाचं मी बघतो, करून टाका. आमचे हे विषयच काढू देत नाहीत. ‘तिला शांतपणे जाऊ दे’ एवढंच. सासूबाईंचं सहा वर्षांपूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्याच नाहीत. ठमी यांच्या खाटेखाली झोपते. जिना चढत नाही, पण तव्यावर पोळी पडली की अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर असते. मी हो म्हटलं आणि ती टेबलावरच गेली तर? नाही म्हटलं आणि मग ते वाढतच गेलं तर?

ताई,

आधी लिंबाचं बघू. लिंबू कुठलं? कागदी लिंबू वेगळं आणि ईडलिंबू वेगळं. माझ्याकडे आलेल्या गाठी आजवर बोराएवढ्या, सुपारीएवढ्या, अंड्याएवढ्या आणि एकदा तर ‘पोह्याच्या वाटीएवढी’ होत्या. त्यावर मी काय ठरवणार? शिवणाच्या डब्यातला टेप घ्या, गाठीची सर्वांत लांब बाजू सेंटीमीटरमध्ये मोजा आणि तारखेसकट कॅलेंडरवर लिहा. दर रविवारी. कुत्रीच्या स्तनाच्या गाठीत मापाला फार किंमत असते. तीन सेंटीमीटरच्या आतली गाठ असेल तर पुढचं चित्र बरं असतं, पाचाच्या पुढे गेली की काळजी वाढते. तुमच्या हरभऱ्याचं पाच महिन्यांत लिंबू झालंय. हा वेग मला आवडलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

मग ती दुपारी कुशीवर लवंडली असेल तेव्हा शेजारी बसा. सड साधारण दहा असतात, पाच-पाचाच्या दोन रांगा. छातीपासून जांघेपर्यंत दोन्ही रांगांवरून बोटं फिरवा, पोटाला तेल लावतो तितक्या हलक्या हातानं. दाबायचं नाही, पिळायचं तर मुळीच नाही. गाठ कातडीखाली इकडेतिकडे सरकते की खाली घट्ट चिकटलीय? वरची कातडी नेहमीसारखी आहे की ताणून चकचकीत झालीय? कुठे फुटलीय का? जांघेत, काखेत आणखी काही लागतं का? आणि मुख्य म्हणजे तो सगळा भाग लाल, गरम, सुजलेला, हात लावू न देण्याइतका दुखरा आहे का? तसा असेल तर पुढचं वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार असा सूज आणि दाह घेऊन येतो आणि त्यात सुरी लावणं ही चूक ठरते. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण पत्रावरून गाठ तपासता येत नाही.

पिल्लं झाली की हे होत नाही, ही समजूत घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. फरक पडतो तो लवकर केलेल्या नसबंदीनं. पहिल्या माजाआधी केली तर ही गाठ क्वचितच होते, दोनतीन माज होऊन गेले की तो फायदा कमी होत जातो. हे मी तुमच्यासाठी लिहीत नाहीये, ज्यांच्या घरी आज सहा महिन्यांचं पिल्लू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. तेरा वर्षांपूर्वी वाईत गावठी कुत्रीची नसबंदी कोण करत होतं? ते मनाला लावून घेऊ नका.

आता ही गाठ चांगली की वाईट? कुत्रींच्या स्तनाच्या गाठींपैकी ढोबळमानानं निम्म्या साध्या निघतात आणि निम्म्या कॅन्सरच्या. सुई घालून चार पेशी काढल्या तरी या जागच्या गाठीत खात्रीचं उत्तर मिळेलच असं नाही, कारण एकाच गाठीत एका कोपऱ्यात साधं आणि दुसऱ्या कोपऱ्यात वाईट असू शकतं. खरं उत्तर गाठ काढून पॅथॉलॉजीला, म्हणजे पेशी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, पाठवल्यावरच मिळतं. अंगावर दुसरीकडे कुठे गाठ असेल तर मात्र सुई आधी, सुरी नंतर. हे मी शिकवायची, लिहायची, आणि माझ्याच घरी विसरले. आमच्या बंडूच्या बरगडीवर गाठ होती. मऊ, न दुखणारी. पाच महिने मी येताजाता तिच्यावरून हात फिरवून ‘चरबीची आहे’ म्हणत होते. सुई घालायला दोन मिनिटं लागली असती. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याच्या बाबतीत मी असं केलं असतं तर मलाच लाज वाटली असती. ती मास्ट सेलची निघाली, कातडीच्या कॅन्सरची. तोवर इतकी पसरली होती की भोवतालचं बरंच काही काढावं लागलं, टाके दोनदा उसवले आणि अकरा वर्षांच्या त्या लॅब्रॅडॉरचा तो अख्खा पावसाळा पट्ट्या बदलून घेण्यात गेला. म्हणून ‘बघू, थांबू’ म्हणणाऱ्यांना मी हल्ली विचारते, किती दिवस आणि नेमकं काय बघणार?

तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनाही मी हेच विचारलं असतं. ‘या वयात भूल सोसायची नाही’ हे त्यांनी कोणता रिपोर्ट बघून सांगितलं? तेरा हा आकडा आहे, तपासणी नव्हे. वयामुळे धोका वाढतो हे खरंच आहे. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात ९८ हजारांच्या आसपास कुत्र्यांना दिलेल्या भुलीची नोंद ठेवली गेली होती. त्यात भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण निरोगी कुत्र्यांत ०.०५ टक्के होतं आणि आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के. म्हणजे दोन हजारांत एक आणि पंच्याहत्तरांत एक. बारा वर्षांवरच्यांना धोका जास्त होताच. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे सगळीकडे तशी यंत्रं आणि माणसं नसतात, त्यामुळे ते जसेच्या तसे ठमीला लावू नका. पण दोन गोष्टी त्यातून घेण्यासारख्या आहेत. एक, ‘निरोगी की आजारी’ हा फरक फार मोठा आहे आणि तो तपासता येतो. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास ऑपरेशन संपल्यानंतरचे होते. टेबलावरचे नाहीत. जनावर शुद्धीवर येत असतं, सगळ्यांनी हुश्श केलेलं असतं, कुणी चहाला गेलेलं असतं, त्या वेळचे. तुम्ही टेबलाला घाबरताय. मी असते तर सर्जनना विचारलं असतं की नंतरचे तीनचार तास तिच्याजवळ कोण बसणार आहे.

तेव्हा ऑपरेशन करू की नको हे आज ठरवू नका. आज फक्त तपासण्या करायचं ठरवा, त्याला तुमच्या यांचीही ना नसावी.

रक्त तपासा. त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी, यकृत, हिमोग्लोबिन, आणि प्लेटलेट विसरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच कुत्र्यांना गोचिडतापाची लागण असते, ती वर्षानुवर्षं आत दबून राहते आणि प्लेटलेट कमी करते. वरून कुत्री ठणठणीत, पोळीला हजर, आणि सुरी लावली की रक्त थांबत नाही. हे मी बघितलेलं आहे. प्लेटलेट कमी निघाल्या तर आधी गोचिडतापाचा इलाज, मग पुन्हा तपासणी, मग बोलू. ठमी घाटावर फिरणारी, तिला गोचीड लागलीच नसेल असं मी धरून चालणार नाही.

छातीचे एक्स-रे काढा, तीन बाजूंनी : उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर. एकच काढून भागवू देऊ नका, कारण खालच्या बाजूच्या फुप्फुसातला ठिपका दिसत नाही. हा कॅन्सर पसरतो तो जवळच्या लसीकाग्रंथींत (जांघेतल्या, काखेतल्या अवधाणांत) आणि फुप्फुसांत. फुप्फुसात गाठी दिसल्या तर लिंबू काढून आयुष्य वाढत नाही. अगदी बारीक पसार एक्स-रेला दिसत नाही, हेही लक्षात ठेवा. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतील तेव्हा हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये जादा आवाज, आहे का ते विचारा, असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. पोटाची सोनोग्राफीही करा, कारण नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो. माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत ती फार पाणी प्यायला लागली होती का, मागून काही घाण येते का, हे आठवून सांगा.

हे सगळं वाईत एका छताखाली होईल की नाही कोण जाणे. खंबाटकी ओलांडलं की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुम्हाला पुण्यापेक्षा जवळ. आधी फोन करून वेळ विचारा आणि सकाळी लवकर पोचा. खर्चाचा अंदाज कुठेही जा, आधी लिहून मागा. मुलगा ‘पैशाचं मी बघतो’ म्हणतोय, ते चांगलंच आहे, फक्त त्याला सांगा की ऑपरेशननंतरचे चार दिवस लॅपटॉप घेऊन वाईला यायचं. रात्री तिला उचलून अंगणात न्यायला माणूस लागणार आहे.

आता यांचं ‘शांतपणे जाऊ दे’.

स्तनाची गाठ पोटातल्या गाठीसारखी झाकून राहत नाही. ती कातडीखालीच असते, खाली लोंबते, बसता-उठता फरशीला घासते. वाढली की वरची कातडी ताणते आणि एक दिवस फुटते. त्यातून पाणी येतं, रक्त येतं, वास येतो. ठमी ते चाटणार. तुमच्याकडे जूनपासून पाऊस लागतो, ओलसर हवा, माश्या. उघड्या व्रणावर माशीनं अंडी घातली की दिवसा-दोन दिवसांत किडे पडतात. माझ्या दवाखान्यात अशा कुत्र्या पावसाळाभर यायच्या, आणि आणणारी माणसं वाईट नसायची. ‘म्हातारी आहे, कशाला त्रास’ म्हणून थांबलेली प्रेमळ माणसंच असायची. चिमट्यानं एकेक किडा काढताना ते म्हातारं जनावर ज्या नजरेनं बघतं, ती नजर शांत नसते. यांना हे सांगा. घाबरवायला नको, पण न कापणं म्हणजे काहीच न करणं असं त्यांच्या डोक्यात असेल तर ते खरं नाही म्हणून.

गाठ कॅन्सरची निघाली आणि वर्षभरानं पुन्हा काही उपटलं, तरीही फुटायच्या आधी काढलेली गाठ तिला हा पावसाळा कोरडा देते. तेरा वर्षांच्या कुत्रीच्या हिशोबात एक पावसाळा बराच मोठा असतो.

पण मला वाटतं हे ठमीबद्दल बोलतच नाहीयेत. तुम्ही सासूबाईंचं ते वाक्य पत्राच्या मध्यात, पोळी आणि जिन्याच्या शेजारी टाकून दिलंय. मी पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिथे थांबले. ज्या बाईनं ही कुत्री पदरात घालून आणली ती ऑपरेशनला गेली आणि परत आली नाही. त्या वेळी फॉर्मवर सही कुणी केली होती? यांनीच केली असेल, मुलगाच करतो. आता सहा वर्षांनी आईची कुत्री, त्यांच्याच खाटेखाली झोपणारी, आणि पुन्हा तसाच फॉर्म. त्यांना रक्ताचे रिपोर्ट दाखवून वाद घालू नका, तो वाद रिपोर्टचा नाही. एखाद्या संध्याकाळी सरळ आईंचा विषय काढा. ठमीचं नाव त्या दिवशी काढलं नाहीत तरी चालेल.

आणि तुम्ही विचारलंत, ‘मी हो म्हटलं आणि ती गेली तर?’ तर वाईट होईल. बराच काळ वाटत राहील. मी नाही म्हणणार नाही. पण सही दोघांनी मिळून करा, एकट्यानं करू नका.

माझं मत विचाराल तर असं आहे. फुप्फुसं स्वच्छ, किडनी बरी, प्लेटलेट ठीक, हृदयाची तक्रार नाही, आणि ती अजून पोळीला उठून येतेय, तर मी काढीन, आणि पावसाच्या आधी काढीन. फुप्फुसात पसरलंय, किंवा किडनी निकामी व्हायला आलीय, किंवा गाठ ती लाल गरम प्रकारची आहे, तर हात लावणार नाही. यांच्या मधलं काही निघालं, उदाहरणार्थ किडनी थोडी कमजोर आहे पण गाठ फुटायला आलीय, तर मात्र उत्तर माझ्याकडे नाही. ते तिला हात लावून बघणाऱ्या डॉक्टरांकडे आणि तुमच्याकडे आहे.

करायचं ठरलं तर सर्जनना विचारा की किती काढणार. काहीजण पूर्ण रांगच काढायला बघतात. म्हाताऱ्या कुत्रीत मी त्याच्या बाजूची नाही. गाठ भोवतालच्या निरोगी कडेसकट निघाली की पुरे, जास्त कापल्यानं ती जास्त जगते असं दिसलेलं नाही, जखम मात्र जास्त मोठी होते. शेजारचा दाणा त्याच वेळी निघेल. गर्भाशय त्याच भुलीत काढायचं का, हे सोनोग्राफी बघून ठरवा. तिथे पू असेल तर काढावंच लागेल, नसेल तर भुलीचा वेळ वाढवायला मी कचरेन. काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवाच. ‘आता कळून काय करायचं’ असं म्हणून पुष्कळजण तो खर्च वाचवतात. साधी निघाली तर उरलेल्या दिवसांत प्रत्येक फोडाला घाबरायचं तुमचं थांबेल, एवढ्यासाठी तरी पाठवा.

सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे संध्याकाळी घरी आणता येईल. नीट शुद्धीवर आली, शेक मिळाला, लघवी झाली की डॉक्टर सोडतात. माणसाला ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. ठमीला आदल्या रात्री काही माहीत नसतं, फक्त सकाळी पोळी का नाही मिळाली एवढंच कळत नाही. तिला त्रास होतो तो अनोळखी पिंजऱ्याचा, अनोळखी वासांचा. तो जितका कमी तितकं बरं. नंतर दहा ते चौदा दिवस टाके. जिना नाहीच, उड्या नाहीत, घाट नाही. दुखण्याची गोळी डॉक्टर देतील तीच द्या. घरातली आपली अंगदुखीची गोळी, आयबुप्रोफेनची म्हणा, डायक्लोफिनॅकची म्हणा, अर्धीसुद्धा नको. तिनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते.

नाही करायचं ठरलं तरी दवाखाना सुटत नाही. दुखण्याचं औषध, गाठ फुटली तर रोजची मलमपट्टी, माश्यांपासून राखण, आणि दर आठवड्याला एक हिशोब. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी तो मांडून ठेवलाय : दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, चालणं, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर दिवस बरे चाललेत. गुण तुम्ही वेगळे द्या, यांनी वेगळे द्यावेत, मग ताडून बघा. बेरीज खाली खाली जायला लागली की डॉक्टरांशी शेवटच्या इंजेक्शनबद्दल बोला, घरी येऊन देतात का तेही आधीच विचारून ठेवा. रात्री अकराला धावपळ करत ते ठरवायची वेळ येऊ देऊ नका.

तपासण्या होईपर्यंत एक काम आहे. ती गाठ चाटतेय का बघा. चाटत असेल तर एक जुना बनियन घ्या, पुढचे पाय बाह्यांतून घाला, मागची बाजू पोटाखालून ओढून पाठीवर गाठ मारा. सैल, श्वास लागेल इतका घट्ट नको, आणि शी-शूला नेताना सोडा. बनियन यांचाच घ्या, अंगावरून उतरवलेला, न धुतलेला. खाटेखाली तिला तोच वास येत असतो.